आदिवासी संशोधकाची फाइल अडू नये म्हणून: पीएचडी सेक्शनमध्ये बसणाऱ्यांसाठी

मी विद्यापीठाच्या पीएचडी सेक्शनला बरीच वर्षं काढली, आधी टेबलावर क्लार्क म्हणून आणि नंतर आदिवासी अध्ययन केंद्राचं ऑफिस सांभाळायला. आता नवीन मुलं-मुली जॉइन होतात आणि पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, सर, एसटीच्या स्कॉलरसाठी वेगळं काय करायचं असतं, नियम तर सगळ्यांना सारखेच ना? नियम सारखेच आहेत हो, पण या एसटीला ती लाल एसटी वेळेवर मिळत नाही, घोळ तिथे आहे.

एक किस्सा सांगतो आणि मग कामाचं बोलतो. भामरागडकडचा एक माडिया मुलगा सहामाही रिपोर्टवर एक सही हवी म्हणून आला. भामरागड नुसत्या गडचिरोलीपासूनच पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, आमचं विद्यापीठ त्याच्याही पुढे, म्हणजे पहाटे निघालेला माणूस गाड्या बदलत बदलत संध्याकाळी साडेपाचला आमच्या खिडकीशी उभा. साहेब मीटिंगला गेलेले. मी म्हणालो, "उद्या या." तो काही बोलला नाही, रात्र स्टँडवर काढली, दुसऱ्या दिवशी सही घेऊन गेला. आठ दिवसांनी फाइल चाळताना माझ्या लक्षात आलं की त्या फॉर्मवर ती सही लागतच नव्हती, गाइडने सही केलेला स्कॅन मेलवर आला असता तरी भागलं असतं. तेव्हापासून आमच्या टेबलावर एकच नियम, कागद फिरवायचा, माणूस फिरवायचा नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं यातूनच आलंय.

पहिल्याच दिवशी एक फोल्डर

प्रवेश झाला की स्कॉलरला समोर बसवा, खुर्ची द्या (हे लिहावं लागतंय यातच काय ते समजा) आणि सगळे मूळ कागद तिथल्या तिथे स्कॅन करून घ्या. दहावीची सनद, जातीचा दाखला, वैधता, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुकचं पहिलं पान, पदव्युत्तरची मार्कलिस्ट, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. एकदाच. मग स्कॉलरशिप सेक्शनला हवं असेल, होस्टेलला हवं असेल, लायब्ररीला हवं असेल तर तुम्ही द्या. माझ्या हिशोबाने एकाच दाखल्याची झेरॉक्स एक स्कॉलर पाच वर्षांत पंधरा-वीस वेळा तरी देतो, आणि प्रत्येक वेळी "अटेस्टेड आणा" वेगळं.

फोल्डर करताना नावं जुळवून बघा, पण अगदी अक्षरन् अक्षर. दहावीला वडिलांचं नाव मधे, आधारवर आडनाव आधी, दाखल्यावर वडिलांचं पाड्यावरचं नाव, बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. नंदुरबारकडच्या वळवी, वसावे, पाडवी या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं मी तीन-तीन प्रकारची बघितलीत, एकाच घरात. आज हे पकडलं तर एक प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातला नावबदल एवढ्यावर मिटतं, फेलोशिप मंजूर झाल्यावर पकडलं तर सहा महिने गेले म्हणून समजा.

जमातीच्या नावाचंही तेच. यादीत जे लिहिलंय तेच ऑनलाइन फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये निवडायचं. दाखल्यावर "कोळी महादेव" असेल तर कोळी महादेव, नुसतं कोळी नाही. ठाकूर, ठाकर, का ठाकूर, मा ठाकर ही सगळी एकाच नोंदीत आहेत पण दाखल्यावर जे आहे ते टाका. कातकरी आणि काथोडीचं तसंच. तुम्हाला वाटेल यात काय एवढं, पण पोर्टलला तसं वाटत नाही.

दाखला आणि वैधता, यात गल्लत नको

नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. जातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो. जात वैधता हा त्याच्यापुढचा वेगळा कागद आहे, २००० चा जो महाराष्ट्राचा कायदा आहे (१८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला) त्याच्याखाली तपासणी समिती तो देते. आणि एसटीची समिती ही आदिवासी विकास विभागाची असते, बाकीच्या प्रवर्गांसाठी ज्या जिल्हा समित्या आहेत त्या नाही. मी स्वतः एका मुलीला चुकीच्या समितीकडे पाठवलेलं आहे, ती बिचारी लाइनीत उभी राहून, नंबर आल्यावर परत आली.

एसटीसाठी पुरावा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा मागतात, कारण राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश त्या तारखेचा आहे. आता जिच्या घरात शाळेत जाणारी ती पहिलीच, तिने आजोबांचा १९५० आधीचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? मग कोतवाल बुक, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद, जमिनीचे जुने उतारे, नात्यातल्या कोणाची आधीच झालेली वैधता आणि वंशावळ, असं शोधावं लागतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये या नोंदी मिळतात, पण कधीकधी मोडीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस तुमच्या ओळखीत असू द्या. आमच्याकडे इतिहास विभागातल्या एका मॅडम हे काम फुकट करून द्यायच्या, त्यांच्यामुळे तीन-चार वैधता तरी निघाल्या असतील.

पुरावा कमी पडला की दक्षता पथक घरी येतं आणि जमातीच्या रूढी, दैवतं, लग्नविधी, बोली विचारतं, याला आप्तभाव चाचणी म्हणतात. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हे चालत आलंय. पण मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नाही, प्रत्येक केसमध्ये ती लावलीच पाहिजे असंही नाही. स्कॉलरला हे माहीत असलं पाहिजे, वकिलाकडे जायची वेळ आली तर उपयोगी पडतं. एक गंमत सांगतो, आमच्याकडे एकीचा विषयच तिच्या जमातीचे लग्नविधी हा होता आणि पथकाने तिला विचारलं, तुमच्यात लग्न कसं लागतं? तिने प्रबंधाचं दुसरं प्रकरणच काढून हातात दिलं.

तुमचं काम काय, तर वैधतेच्या अर्जावर संस्थेचा सही-शिक्का लागतो तो त्याच दिवशी द्यायचा, "प्रवेशासाठी आवश्यक, प्राधान्याने निकाली काढावे" असं पत्र सोबत लावायचं, आणि वैधता येईपर्यंत स्कॉलरची गोची होऊ नये म्हणून, नियमात बसत असेल तर त्याच्याकडून हमीपत्र घेऊन रजिस्ट्रेशन पुढे न्यायचं. नुसतं "वैधता नाही, फाइल पेंडिंग" असा शेरा मारून कपाटात टाकणं हे सगळ्यात सोपं आहे, म्हणूनच सगळे तेच करतात.

पैसा

फी आधी भरा मग परतावा मिळेल, हे वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, ज्याला पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा लाभ बसतो त्याचा अर्ज भरून घ्या. इथे एक मेख आहे. अर्ज भरताना स्कॉलरला तुमच्या विभागाचा पीएचडी कोर्स यादीत दिसतच नाही, कारण संस्थेच्या लॉगिनमधून तो जोडलेलाच नसतो. एमए दिसतं, बीएड दिसतं, पीएचडी गायब. मुलगा सायबर कॅफेत तीन तास बसून परत जातो आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून पोर्टल उघडायच्या आधीच प्रत्येक संशोधन केंद्राचं मॅपिंग झालंय का ते बघा, कागदावर लिहून काढा, टिक करा.

दुसरी मेख बँकेची. थेट लाभाचे पैसे आधारला शेवटी जे खातं लिंक झालंय त्यात जातात, फॉर्मवर जो खाते नंबर लिहिलाय त्यात जातीलच असं नाही. आणि शेवटी लिंक झालेलं खातं कोणतं? तर गावात कोणीतरी सिमकार्ड देताना किंवा पोस्टाचा माणूस मशीन घेऊन आला होता तेव्हा अंगठा घेऊन उघडलेलं, ज्याचं पासबुकही नाही. आमच्याकडे एकाचे आठ महिन्यांचे पैसे असे "मिळाले नाहीत", आणि शोधलं तर सगळे पोस्ट पेमेंट्स बँकेत पडून होते, गडी उधारीवर मेस खात होता. आधार लिंकिंग स्टेटस मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतं, फोल्डर बनवतानाच बघून घ्या आणि त्याचा स्क्रीनशॉट आत टाका.

मोठी फेलोशिप म्हणजे केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची, एसटी विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप. देशभरात वर्षाला ७५० जागा. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे आपल्या राज्यातले तीन विशेष असुरक्षित आदिवासी गट आहेत, त्यातला स्कॉलर असेल तर फॉर्ममध्ये तसं नोंदवलंय का ते आवर्जून बघा, बऱ्याच मुलांना आपण त्या यादीत आहोत हेच माहीत नसतं. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, जिला सगळे टीआरटीआय म्हणतात आणि जी १९६२ पासून आहे, तिच्या वेबसाइटवरच्या जाहिरातीही बघत चला, आणि जाहिरात दिसली की नोटीस बोर्डावर लावून थांबू नका. बोर्ड वाचायला येतो कोण? व्हॉट्सॲप ग्रुप करा, त्यात पीडीएफ टाकायच्या आधी दोन ओळीत मराठीत लिहा की शेवटची तारीख काय आणि कागद कोणते. तीस पानांची पीडीएफ टू-जी रेंजवर उघडत नाही.

फेलोशिप लागली की खरं तुमचं काम सुरू होतं. जॉइनिंग रिपोर्ट, होस्टेल मिळालं नसेल तर घरभाड्याचं प्रमाणपत्र, ठरावीक काळाने "हा स्कॉलर नियमित काम करतोय" असा दाखला, दोन वर्षांनी जेआरएफवरून एसआरएफला, म्हणजे ज्युनिअरवरून सीनिअर फेलोशिपला, जायचं तेव्हा समितीचा मूल्यमापन अहवाल. यातलं प्रत्येक पान विद्यापीठाच्या बाजूने पोर्टलवर कोणीतरी मंजूर करावं लागतं. आणि तो कोणीतरी बदलून गेला की लॉगिन त्याच्याबरोबर जातं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येत राहतो, इकडे पंधरा जणांचे पैसे अडकतात. हे मी माझ्या डोळ्यांनी तीनदा बघितलं. उपाय साधा आहे पण कोणी करत नाही: नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे पोर्टलवर मंजुरी देणाऱ्याचा, मोबाइल नंबर आणि ईमेल वैयक्तिक ठेवायचे नाहीत, ऑफिसचं सिम घ्यायचं आणि ते ड्रॉवरमध्ये राहील. बदली झाली की चार्ज देताना टेबल-खुर्चीच्या यादीसोबत लॉगिनचीही यादी द्यायची, सही घेऊन.

आणि एक, फेलोशिप चालू असताना नोकरी लागली किंवा दुसरी फेलोशिप घेतली तर ताबडतोब कळवायला लागतं, नाहीतर रिकव्हरी निघते. ही गोष्ट हमीपत्रात बारीक अक्षरात इंग्रजीत असते. तोंडाने मराठीत सांगा. आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवायला लागलेल्या मुलाला हे "नोकरी" वाटतच नाही, त्यामुळे काहीही काम धरायच्या आधी मला फोन करा म्हणावं.

तारखा ठरवताना पंचांग नाही, जंगल बघा

२०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे स्कॉलरने दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे काम सादर करायचं असतं. आता ही बैठक तुम्ही कधी लावता ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, अख्खं घर पहाटे झाडाखाली असतं. मे महिन्यात तेंदूपत्ता, वर्षभराची रोकड त्या काही दिवसांत कमवायची असते, स्कॉलर असला म्हणून काय झालं, तोही पुडे बांधतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, पेपरात दरवर्षी बातमी येते. सातपुड्यात होळीला कोणी गाव सोडत नाही, काठी गावची राजवाडी होळी बघितलेल्या माणसाला मी काय सांगतोय ते कळेल. मग उरतं काय? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि दुसरी बैठक जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबर संपताना. आम्ही असं वेळापत्रक केलं तेव्हा गैरहजेरीचे शेरे जवळपास थांबले, कोणालाही नोटीस काढावी लागली नाही. शिवाय ऑनलाइन हजेरीची मुभा द्या, पण मग त्याच दिवशी "कॅमेरा चालू ठेवा" म्हणून ओरडू नका, रेंजसाठी तो टेकडीवर चढून बसलेला असतो.

मुदतीचं गणित प्रत्येक स्कॉलरच्या फोल्डरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यावर पुनर्नोंदणीने आणखी दोन. बाईमाणसांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावरही दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. मुलींना पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. ही शेवटची गोष्ट आमच्याकडे किती जणींना माहीत होती विचाराल तर, मी विचारलं त्या दिवशी खोलीत सात जणी होत्या आणि एकीलाही नाही. दोघींनी तर बाळंतपणात "रिपोर्ट दिला नाही" म्हणून दंड भरला होता. आणि ज्यांची नोंदणी २०२२ च्या आधीची आहे त्यांना जुने नियम लागू, हे विसरून नव्या नियमाने कोणाची नोंदणी रद्द करू नका.

फिल्डवर जाणाऱ्याच्या खिशातलं पत्र

आमच्याकडे पूर्वी एक छापील इंग्रजी पत्र होतं, ज्या कोणाशी संबंधित असेल त्यांना वगैरे. ते ग्रामसभेत वाचणार कोण? आता आम्ही दोन पत्रं देतो. एक वनविभाग, पोलीस स्टेशन, आदिवासी प्रकल्प कार्यालय यांच्यासाठी, फोटोसहित, मुदतीसहित, आणि खाली ऑफिसचा लँडलाइन जो कोणीतरी खरंच उचलतो. गडचिरोलीच्या आतल्या भागात खिशात असं पत्र नसेल तर चौकशीत दिवस जातो. दुसरं पत्र ग्रामसभेला, साध्या मराठीत, एक पान: कोण आलाय, काय विचारणार, किती दिवस, लिहिलेलं कुठे जाणार, गावाला काय परत मिळणार, आणि नको असेल तर नाही म्हणायला मोकळे आहात. स्कॉलर त्याच गावचा असला तरी हे पत्र द्यायचं. उलट तेव्हा जास्त गरज, कारण "आपलाच पोरगा आहे" म्हणून लोक सगळं सांगून टाकतात आणि नंतर ते छापून आलं की पोराचीच पंचाईत.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव ऐकलंच असेल, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं, सगळे निर्णय सर्वसहमतीने घेणारं. तिथे गावकऱ्यांचा स्वतःचा अभ्यास गट आहे. अशा गावात तुम्ही प्रश्नावली घेऊन गेलात तर ते तुम्हालाच प्रश्न विचारतात, आणि बरोबर करतात. तिथली सर्वसहमती एका बैठकीत होईलच असं नाही, त्यामुळे आपल्या नैतिकता समितीने पंधरा दिवसांत ग्रामसभेचा ठराव आणा म्हणून अडून बसू नये, मुदत वाढवून द्यावी.

नैतिकता समितीचा विषय निघालाच आहे तर, आरोग्याशी संबंधित काम असेल तर आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. त्यात एक गोष्ट स्वच्छ आहे की गावप्रमुखाने हो म्हटलं म्हणून प्रत्येक माणसाची वेगळी संमती घ्यायची सुटत नाही. दोन्ही लागतात. संमतीपत्रावर सही येत नसेल तर तोंडी संमती, साक्षीदार, रेकॉर्डिंग हे चालतं, ते समितीसमोर आधीच मंजूर करून घ्या. इंग्रजी संमतीपत्र मराठीत करणं म्हणजे भाषांतर झालं असं समजू नका, कोरकू म्हातारीला मराठीही परकीच आहे.

वनौषधींवर काम असेल तर गावातल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला सांगून जा, लोक जैवविविधता नोंदवही त्यांच्याकडे असते. परदेशी विद्यापीठाबरोबरचा प्रोजेक्ट असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न येतो, तिथे मात्र स्वतःच्या डोक्याने काही न करता कायदा विभागाला विचारा.

"शैक्षणिक पात्रता: निरंक"

हा भाग मला सगळ्यात जवळचा, कारण इथे मी सगळ्यात जास्त भांडलोय. आमच्या केंद्राने एका कार्यशाळेला एक आजी बोलावल्या होत्या. लग्नाची, पेरणीची, मयताची गाणी त्यांना तोंडपाठ, दोन दिवस त्या गात होत्या, आमचे प्राध्यापक खाली बसून लिहून घेत होते. मानधनाचं बिल अकाउंट्सला गेलं आणि परत आलं. शेरा काय, तर साधनव्यक्तीचा बायोडेटा जोडलेला नाही, शैक्षणिक पात्रता नमूद नाही, पॅन नाही. मी पात्रतेच्या रकान्यात "निरंक" लिहून परत पाठवलं. परत आलं, "निरंक असल्यास तज्ज्ञ दराने मानधन देय नाही." म्हणजे ऐकून घेणाऱ्याला तज्ज्ञ दर आणि गाणाऱ्याला स्वयंसेवक दर.

यावर भांडून एकदा पैसे काढता येतात, दरवेळी नाही. कायमचा उपाय म्हणजे वित्त समितीपुढे एकदाच टिपणी ठेवा आणि "पारंपरिक ज्ञानतज्ज्ञ" अशी वेगळी वर्गवारी मंजूर करून घ्या, दर बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्या प्राध्यापकाइतकाच, पात्रतेच्या जागी ग्रामसभेचं किंवा विभागप्रमुखाचं एक परिच्छेदाचं पत्र. टिपणी लिहिताना भावनिक लिहू नका, लेखापरीक्षकाला काय दाखवायचं तेवढंच लिहा. व्हाउचरवर "निशाणी डावा अंगठा" आणि शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. आणि पैसे खात्यात टाकायचे म्हणून अडवत असतील तर खातं आधी चालू आहे का बघा, नाहीतर वर सांगितलेला पोस्टाचा प्रकार इथेही होतो.

प्रवासभत्त्याचं तसंच. काळी-पिवळीला तिकीट नसतं, टपावर बसलेल्याला तर नाहीच नाही. बिल मागत बसण्यापेक्षा ठिकाणांच्या जोडीप्रमाणे ठरावीक दर आणि स्वयंघोषणापत्र, अशी पद्धत मंजूर करून घ्या. आमच्या अकाउंट्सच्या साहेबांना हे पटायला दीड वर्ष लागलं, शेवटी त्यांना एकदा गाडीत घालून धडगावला नेलं तेव्हा पटलं.

टायपिंग, वाङ्मयचोरी तपासणं, अपलोड

प्रबंध टाइप करायला लागला की सांगा, श्रीलिपी किंवा कृतिदेव नको, पहिल्या पानापासून युनिकोड. जुन्या फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि रिपोर्ट भलताच येतो. गोंडीत काम असेल तर मसराम गोंडी लिपी २०१७ पासून आणि गुंजाळा गोंडी २०१८ पासून युनिकोडमध्ये आहे, फुकट नोटो फॉन्टही आहेत, फक्त पीडीएफ करताना फॉन्ट आत एम्बेड करायचा, नाहीतर बाहेरच्या परीक्षकाच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन. हे आमच्याकडे झालंय. परीक्षकाने पत्र पाठवलं की प्रकरण चार रिकामं आहे.

चोरी तपासण्याच्या रिपोर्टला यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत काही अडचण नाही. पण लोकगीतं, मंत्र, कहाण्या आधी कुठेतरी छापलेल्या असतात आणि त्या जुळल्या की आकडा फुगतो. अवतरणं आणि संदर्भसूची वगळून रिपोर्ट काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते आणि नियमातही बसते, ती खूण करायला विसरू नका. पाच वर्षं जंगलात हिंडलेल्या माणसाला "तुम्ही कॉपी केलीय" असं खिडकीतून ऐकवू नका.

अपलोडच्या आधी मात्र थांबा. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेलेला प्रबंध जगाला दिसतो. कोणत्या डोंगरावर कोणती मुळी, कोणत्या देवाचं ठाणं कुठे, कोणत्या भगताने काय सांगितलं, हे सगळं दिसायलाच हवं का, हा प्रश्न स्कॉलरला आणि गाइडला लेखी विचारा. काही भाग काही काळ बंद ठेवायची विनंती करता येते, नावं बदलता येतात, नकाशातलं ठिकाण ढोबळ करता येतं. विचारायचं काम तुमचं, ठरवायचं त्यांचं. रेकॉर्डिंगची एक प्रत गावाला द्यायची ठरली असेल तर पेन ड्राइव्ह देऊ नका, मेमरी कार्डवर द्या, फोनमध्ये घातलं की त्याच संध्याकाळी अख्खा पाडा ऐकतो.

व्हायवाच्या दिवशी घरचे दहा-बारा जण येतात, गाडी करून, डबा घेऊन. हॉल मोठा घ्या, पाण्याची सोय बघा, आणि शिपायाला आधीच सांगून ठेवा की यांना दारात अडवायचं नाही. जमलं तर स्कॉलरला सुरुवातीची पाच मिनिटं आपल्या बोलीत बोलू द्या, आमच्या कुलसचिवांनी याला हरकत घेतली नाही, तुमचेही बहुतेक घेणार नाहीत.

आणि निकालाचं पत्र हातात देतानाच ना-हरकत आणि अनामत परतीचा फॉर्म सही करून घ्या. लायब्ररी, प्रयोगशाळा, होस्टेल मिळून काही हजार तरी असतात आणि ते परत न्यायला एवढ्या लांबून कोणी येत नाही. आमच्या कपाटात असे बावीस फॉर्म सापडले, सगळ्यात जुना नऊ वर्षांपूर्वीचा. सध्या फोन नंबर शोधतोय, अर्ध्यांचे बदललेत.